बाईचं नाव कुठल्या कागदावर? विदर्भातल्या पेन्शनच्या दरीमागचा इतिहास

नागपुरात 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड उभारला. कामगाराच्या म्हातारपणाचा विचार तेव्हा देशात फारसं कुणी करत नव्हतं. फंडात जागा कुणाला? गिरणीच्या हजेरीपटावर नाव असेल त्याला. गिरणीला लागणारा कापूस मात्र वर्धा-वऱ्हाडच्या शेतांतून यायचा, आणि तो वेचायच्या बाया. दिवसभर ओटीत कापूस भरायचा, संध्याकाळी तोलून द्यायचा, वजनावर पैसे घेऊन घरी जायचं. त्यांचा हजेरीपट कुणी ठेवला नाही.

वेचणी आजही बायाच करतात आणि आजही किलोवरच करतात. बाई आणि पुरुषाच्या पेन्शनमधली दरी म्हटलं की सहसा त्याला किती मिळते आणि तिला किती, अशी तुलना होते. विदर्भातल्या खेड्यात त्याच्या अलीकडचा प्रश्न विचारावा लागतो. तिच्या कामाची नोंद कुठे झाली होती का?

स्वातंत्र्यानंतर कायदे आले, तेही नोंदीच्याच वाटेनं. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याची मर्यादा साधारण वीस कामगारांच्या आस्थापनेची. शेत त्यात बसत नाही. 16 नोव्हेंबर 1995 पासून त्याला पेन्शन योजना जोडली गेली, पण मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी हवी. बाळंतपण, लहान मुलं, आजारी सासू यांत जिची नोकरी तुटते तिची दहा वर्षं भरणार कधी? नोकरी सुटल्यावर पीएफ काढायला दोन महिने थांबावं लागायचं. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला मात्र ही अट माफ होती. सवलत म्हणून दिलेली ही तरतूद. तिनं पैसे काढायचे, लग्नात खर्च करायचे, आणि म्हातारपणाचा हिशोब तिथेच मिटायचा.

गोंदिया-भंडाऱ्याच्या विडी कामगार बायांची गोष्ट मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. कारखानदारांचं म्हणणं असं की घरी बसून वळणारी बाई आमची कामगार नाहीच. 1966 मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, 1977 मध्ये विडी उद्योगाला पीएफ लागू झाला, तरी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तयार विडी तपासून खराब माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर ताबा त्याचाच आहे, म्हणून घरी विड्या वळणारीही कामगारच, असा निकाल न्यायालयानं 1985 मध्ये दिला. घराच्या ओसरीवरचं काम कागदावर आणता येतं, हे त्या निकालानं दाखवलं. शेतमजूर बाईच्या वाट्याला असा निकाल आला नाही.

शेतीचं तसंच. पेरणीपासून वेचणीपर्यंत राबणारी ती, सातबारा त्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. 1994 मध्ये महाराष्ट्रानं वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. देशभरात तो 2005 मध्ये आला. पण बहिणीनं भावाकडे हिस्सा मागणं आणि तलाठ्याकडे फेरफार होणं यात फार मोठं अंतर आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींनी हे अंतर सगळ्यात कठोरपणे भोगलं. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायला जमिनीचा आणि कर्जाचा कागद हवा. ज्या जमिनीसाठी नवरा गेला ती सासऱ्याच्या नावावर, आणि कागदोपत्री ती स्वतः कुणीच नाही. 2019 मध्ये अल्पभूधारकांसाठी साठीनंतर दरमहा 3,000 रुपयांची मानधन योजना आली, तीही जमिनीच्या नोंदीवर, आणि चाळिशीच्या आत असलेल्यांसाठीच. आज पन्नाशीत असलेल्या बाईला तिचा उपयोग नाही.

मग हिच्या हाती काय? 1980 पासूनची राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि पासष्टीनंतर श्रावणबाळ. केंद्रानं 15 ऑगस्ट 1995 ला वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली तेव्हा रक्कम होती महिना 75 रुपये. 2006 मध्ये ती 200 झाली, आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा तिथेच थांबला. राज्याची भर धरून 600, मग 2019 मध्ये 1,000 आणि 2023 मध्ये 1,500. उत्पन्नाची मर्यादा बराच काळ वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. गावातले निवृत्त गुरुजी आपली पेन्शन आयुष्यभराच्या नोकरीच्या हक्कानं घेतात. पन्नास वर्षं निंदण-वेचणी केलेल्या बाईला मात्र आधी आपण निराधार आहोत हे सिद्ध करावं लागतं. गावात बाया या पैशाला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. सरकारनं दिलेल्या ‘अनुदान’ या शब्दापेक्षा मला त्यांचा ‘पगार’ जास्त खरा वाटतो.

सरकारी कामातसुद्धा बाई पगाराच्या बाहेरच राहिली. 2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाडी योजना सुरू झाली, त्या पहिल्या 33 प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. सेविकेला वेतन नाही, ‘मानधन’. त्या एका शब्दानं तिची पेन्शन गेली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा मासिक पेन्शन त्यांच्या मागण्यांत होतीच.

दरी कमी करायची तर नुसती रक्कम वाढवून भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर, 1970 च्या दशकातल्या दुष्काळी कामांपासून, बाईचं नाव स्वतंत्रपणे लागलं. शेतमजूर बाईच्या हातात असलेला तो जवळजवळ एकमेव कागद. त्यावरचे दिवस पेन्शनसाठी का धरू नयेत?

2024 मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेनं खेड्यातल्या बायांच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये येऊ लागले. त्यांचं मोल कमी नाही. पण वयाची मर्यादा 65. त्या वाढदिवसानंतर हे पैसे थांबतात आणि श्रावणबाळसाठी नवा अर्ज करावा लागतो. जिच्या जन्माची नोंदच झाली नाही ती वयाचा दाखला शोधत पुन्हा तहसीलच्या रांगेत उभी राहते.