गोळ्या थांबवल्या, आता दिवस कधी जाणार?

माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या, 7 गडद रंगाच्या. पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन्स, तेही अगदी थोडे: लेव्होनॉर्जेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्रॅडिऑल 0.03 मिलिग्रॅम. गडद गोळ्या नुसत्या लोहाच्या. त्या सात दिवसांत हार्मोन मिळत नाही, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. सगळ्या जणी त्याला पाळीच म्हणतात. पण त्या महिन्यात अंडं फुटलेलंच, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडलेलंच नसतं, म्हणून ती खरी पाळी नव्हे.

ही एक गोष्ट कळली की पुढची बरीच भीती कमी होते. एखादीची लग्नाआधी पाळी दोन-दोन महिने लांबायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यावर घड्याळ लावल्यासारखी येऊ लागली. मग चान्स घ्यायचा म्हणून गोळ्या थांबवल्या आणि ती पुन्हा लांबली. घरात लगेच बोललं जातं, ‘गोळ्यांनी पिशवी खराब केली.’ हे वाक्य मला फार लागतं, कारण विचार करून पाळणा लांबवलेल्या बाईलाच ते दोषी ठरवतं. तो नियमितपणा गोळीचा होता. पीसीओएससारखा (हार्मोन्स बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा) त्रास असेल तर तो आधीपासूनच होता, गोळीने झाकला होता इतकंच.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्याकडून एफएसएच आणि एलएच या हार्मोन्सचे निरोप गेले की अंडाशयात अंडं पिकतं आणि फुटतं. गोळी हे निरोप थांबवते. शेवटच्या गोळीनंतर काही दिवसांत तिचे हार्मोन्स शरीरातून निघून जातात, साठून राहत नाहीत. पहिलं अंडं पहिल्या खऱ्या पाळीच्या आधीच फुटतं, त्यामुळे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. ‘तीन महिने शरीर साफ होऊ द्या’ या सल्ल्याला आधार नाही.

युरोपात गोळ्या थांबवलेल्या 2,064 स्त्रियांच्या अभ्यासात पाळीच्या पहिल्याच चक्रात सुमारे 21 टक्के जणींना दिवस गेले, वर्षभरात सुमारे 79 टक्के जणींना. उत्तर अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या जवळपास 18,000 स्त्रियांचा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात गोळीनंतर प्रजननक्षमता पूर्ववत व्हायला साधारण तीन चक्रं लागली, आणि गोळी किती वर्षं घेतली याने फरक पडला नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनचं मात्र वेगळं आहे, तिथे पाच ते आठ चक्रं लागली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे इंजेक्शन घेणाऱ्या बाईला हे आधीच सांगायला हवं.

वयाचं गणित मात्र गोळी थांबवत नाही. अंडं फुटत नाही म्हणून ते शिल्लक पडतं, असं नाही. अंडाशयातला साठा आपल्या गतीने कमी होतच राहतो. अठ्ठावीसाव्या वर्षी सुरू केलेल्या गोळ्या पस्तिसाव्या वर्षी थांबवल्या, तर पस्तिशीचाच हिशोब लागू होतो. गोळ्या चालू असताना केलेल्या एएमएच तपासणीचा (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा थोडा कमी येऊ शकतो. तो पाहून रडत बसू नका, काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

गोळ्या थांबवायच्या किमान महिनाभर आधी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावं. बाळाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आसपास मिटते, तेव्हा पाळी चुकल्याचं नुकतंच लक्षात येत असतं.

सुरुवातीच्या महिन्यांत पाळीच्या ॲपमध्ये अंडं फुटण्याचा म्हणून दाखवलेल्या चौदाव्या दिवसावर विसंबू नका. अंगावरून जाणारा स्राव बघा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत धरला तर तार निघेल असा झाला की अंडं फुटायचा दिवस जवळ आला. अंडं फार तर एक दिवस जगतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. म्हणून संबंध आधीच्या दोन-तीन दिवसांतही यायला हवा.

तीन महिने पाळीच आली नाही तर आधी किटवर तपासा, मग डॉक्टरांकडे जा. पाळी येत असेल तर वर्षभर, वय 35 पेक्षा जास्त असेल तर सहा महिने वाट पाहावी. आणि जाताना दोघांनी जावं. वीर्य तपासणी ही सगळ्यात सोपी तपासणी, ना सुई, ना सोनोग्राफी, तरी आपल्याकडे ती बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर होते. ती पहिल्याच भेटीत करून घ्या.