तारेच्या गाभ्यातील तडे : एका अभ्यासाची पार्श्वभूमी

पोलादी तार थंड अवस्थेत डायमधून, म्हणजे निमुळत्या भोकाच्या कठीण साच्यातून, ओढली की ती बारीक होते, लांबते आणि दर पासागणिक (दर ओढीगणिक) अधिक बळकट होते. मात्र त्याच ओढीने तिच्या आत सूक्ष्म पोकळ्या आणि तडेही पडू शकतात, ज्यांचा पृष्ठभागावर मागमूस नसतो.

बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ साली तारेवरील उष्णता-संस्काराचे पेटंट घेतले, म्हणून त्या संस्काराला धंद्यात आजही ‘पेटंटिंग’ म्हणतात. त्यामुळे जास्त कार्बनचे पोलाद न तुटता बरेच बारीक ओढता येऊ लागले. असे का होते, हे तेव्हा सांगता येत नव्हते; त्याचे उत्तर पोलादाच्या आतील सूक्ष्म रचनेत होते. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले ते १८६३च्या सुमारास. मऊ फेराइट (जवळपास शुद्ध लोह) आणि कठीण सिमेंटाइट (लोह व कार्बन यांचे संयुग) यांचे एकाआड एक थर, म्हणजेच पर्लाइट, स्पष्ट दिसायला १८८०चे दशक उजाडले.

कारखान्यांना छळणारी अडचण वेगळी होती. बाहेरून निर्दोष दिसणारी तार ओढताना अचानक तुटे आणि तुटलेल्या एका टोकाला कपासारखा खळगा, तर दुसऱ्याला शंकू दिसे. याचे खापर साहजिकच मालावर फुटे, आणि त्यात तथ्यही आहे, कारण ओतलेले पोलाद गोठताना कार्बन आणि मँगेनीज गाभ्यात साचतात. परंतु संशोधक बेत्झालेल अविट्झूर यांनी १९६८मध्ये गणिताने दाखवले की डायचा कोन मोठा आणि एका पासात तारेच्या जाडीत होणारी घट अल्प असेल, तर विरूपण (आकारबदल) पृष्ठभागाजवळच अडकते आणि गाभा नुसता ताणला जाऊन फाटतो. या विषयातील सर्वांत मोलाचे वळण मला हेच वाटते, कारण तेच पोलाद योग्य डायमधून धडधाकट बाहेर पडते.

त्याआधी, १९६६ साली, एम्बरी आणि फिशर या संशोधकांनी ओढलेल्या पर्लाइटच्या बळाचा संबंध त्याच्या बारीक होत जाणाऱ्या रचनेशी जोडला होता. सिमेंटाइटचे पातळ थर ओढीबरोबर वाकतात आणि आणखी पातळ होतात. जाड थर मात्र मोडतात, आणि मोडलेल्या तुकड्यांच्या टोकांशी पोकळ्या उघडतात. अतिशय ओढलेल्या तारेत तर सिमेंटाइट विघटित होऊन त्यातील कार्बन फेराइटमध्ये शिरतो, हेही पुढे अणुपातळीवरील तपासणीत दिसले.

जपानच्या आकाशी काइक्यो पुलासाठी (१९९८) सुमारे १,८०० मेगापास्कल बळाची, ५ मिलिमीटरहून थोडी जाड तार घडवताना हे ज्ञान कामी आले. अशा तारेची ताण चाचणी पुरेशी मानत नाहीत. तिला पीळही देऊन पाहतात, कारण ताणात उत्तीर्ण झालेली तार पिळात लांबीच्या दिशेने चिरू शकते.