वाय खुर्ची

हान्स वेग्नर (1914–2007) या डॅनिश रचनाकाराची लाकडी खुर्ची. अधिकृत क्रमांक सीएच 24. पाठीच्या इंग्रजी ‘वाय’सारख्या फळीमुळे डेन्मार्कमध्ये ‘वाय खुर्ची’, तर इतरत्र ‘विशबोन’ (कोंबडीच्या छातीचे दुफाटी हाड) म्हणून ओळखली जाते. रचना 1949 ची. 1950 पासून कार्ल हान्सन अँड सन ही कंपनी तिचे उत्पादन सलग करीत आली आहे.

वेग्नर मुळात सुतारकाम शिकलेले. मिंग राजवटीच्या (14 ते 17 वे शतक) काळातील चिनी खुर्च्यांवर बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची चित्रे पाहून त्यांनी 1940 च्या दशकात ‘चायना’ खुर्च्या घडवल्या. वाय खुर्ची त्याच घराण्यातली. पाठ आणि हात मिळून एकच गोलाकार पट्टी होते. हे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवतात. मागचे पाय मात्र वाकवलेले नसून फळीतून तसेच वळणदार कापलेले असतात, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

खुर्चीचे सुटे भाग 14, घडणीच्या पायऱ्या शंभराहून अधिक. बैठकीला पिळाच्या कागदी दोरीचे सुमारे 120 मीटर लागतात आणि सराईत कारागीर ती तासाभरात विणतो. बाज विणणाऱ्याला हे काम परके वाटणार नाही, पण इथे अडचण आकाराची असते: बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद. म्हणून आधी पुढच्या दोन कोपऱ्यांत तुटक वेढे घालून मधली जागा चौकोनी करायची, मगच चारही कोपऱ्यांतून सलग फेरे घ्यायचे. दर काही फेऱ्यांनी लाकडी ठोकळ्याने दोरी ठोकून जवळ आणावी लागते. यात कसूर झाली तर वर्षभरात फटी पडतात आणि बैठक मधे झोळीसारखी खचते.

दोरी कागदाची असली तरी नीट विणलेली बैठक पंधरा-वीस वर्षे सहज टिकते. सांडलेले लगेच टिपून घ्यावे, डाग ओलसर फडक्याने पुसावा. भिजवून घासल्यास तंतू सुटतात. फाटलेली बैठक दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण नव्याने विणणेच बरे, कारण जुन्या-नव्या दोरीचा ताण जुळत नाही. पुनर्विणलेली बैठक ही संग्राहकाच्या दृष्टीने उणीव नव्हे. रंधून, घासून पातळ केलेले लाकूड ही उणीव.

नकला भरपूर आहेत. वरची पट्टी नीट पाहावी: लाकडाच्या रेषा वळणाबरोबर अखंड गेल्या नसतील आणि मधे जोड दिसत असेल, तर शंका घ्यावी. बैठकीखालचा शिक्का वा लेबल उपयोगी पडते, पण जुन्या खुर्च्यांवरून ते निघून गेलेले असू शकते, म्हणून केवळ त्यावर निकाल देऊ नये. जुन्या खुर्च्या आजच्यापेक्षा थोड्या बुटक्याही असतात. कंपनीने पुढे उंची वाढवली. जपानमध्ये 2011 साली न्यायालयाने या खुर्चीच्या आकारालाच व्यापारचिन्ह म्हणून मान्यता दिली.