ओळखीपासून मेंटॉरपर्यंत : महाविद्यालयीन करिअर मार्गदर्शनाची महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

नोकरी-व्यवसायात मुरलेली माणसे महाविद्यालयातल्या मुलामुलींचा बायोडेटा तपासून देतात, मॉक इंटरव्ह्यू घेतात, कोणत्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम काय असते ते सांगतात आणि पहिली नोकरी लागेपर्यंत संपर्कात राहतात, ही पद्धत आता महाराष्ट्रातल्या बऱ्याच संस्थांत रुळली आहे. मेंटॉरशिप हे नाव तिला अलीकडे मिळाले, पण तिच्यामागची गरज जुनी आहे. ज्या घरात कोणी वकील, डॉक्टर, इंजिनिअर किंवा अधिकारी असतो, त्या घरातल्या मुलाच्या कानावर या गोष्टी जेवता-जेवता पडतात. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढते, तिथे त्या सांगायला बाहेरचे माणूस लागते. या बाहेरच्या माणसाची सोय कशी लावायची, याचाच इतिहास पुढे आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत खेड्यांतून मुले शिकायला पुण्या-मुंबईकडे येऊ लागली. गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी. पोट भरण्याच्या या व्यवस्थेचा एक फायदा असा होता की, कुठे वकिलाचे तर कुठे मामलेदाराचे घर पाहायला मिळे आणि शिक्षण संपल्यावर शब्द टाकणारा कोणीतरी सापडे. मात्र ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, तेव्हा राहण्या-जेवण्याबरोबरच हाही प्रश्न काही अंशी सुटला. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेला वकील मागून येणाऱ्यांना वाट दाखवू शकत होता.

व्यवस्था नसताना ही मदत कशी मिळे, याचे सर्वांत परिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतले आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेस पडला. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. घरची परिस्थिती पुढच्या शिक्षणाच्या आड येऊ लागली, तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडे त्याची बाजू मांडली आणि बडोद्याकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळुसकर कोणत्याही योजनेचे मेंटॉर नव्हते, पण मेंटॉरने करायची जवळजवळ सगळी कामे त्यांनी केली: गुण हेरले, वाचायला पुस्तक दिले, योग्य माणसाकडे शब्द टाकला. अडचण एवढीच की, सारा डोलारा योगायोगावर उभा होता. ज्यांच्या बागेत केळुसकर येत नव्हते, अशा मुलांची नोंद इतिहासात नाही.

काही व्यवसायांनी आपापली सोय पूर्वीपासूनच लावली होती. वकिलीत ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये ज्युनिअर म्हणून उमेदवारी करायची, वैद्यकशास्त्रात इंटर्नशिप, आणि चार्टर्ड अकाउंटंटांच्या 1949 च्या कायद्याखालील आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, जी दीर्घकाळ तीन वर्षांची होती आणि 2023 पासून दोन वर्षांची झाली. पण चांगले चेंबर वा चांगली फर्म मिळवायलाही पुन्हा ओळखच लागे.

सरकारने आणि मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. अमेरिकेत फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय उघडले होते. व्यक्तीची क्षमता आणि कामाची गरज यांचा शास्त्रीय मेळ घालता येतो, हा त्यांचा विचार मुंबईत 1940 च्या दशकात रुजला. बाटलीबॉय यांचे मार्गदर्शन केंद्र 1941 मध्ये आणि पारशी पंचायतीचे 1947 मध्ये सुरू झाले, तर 1950 मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय काढले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी 1945 मध्ये उभ्या राहिलेल्या रोजगार विनिमय केंद्रांचा उपयोग पुढे सर्वसामान्य तरुणांसाठी होऊ लागला आणि विद्यापीठांतही रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे आली. या सगळ्याचा भर चाचण्या आणि माहितीपत्रके यांवर होता. राज्यात 2016 पासून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतली गेलेली कलचाचणी याच परंपरेतली. माझ्या मते या परंपरेची मर्यादाही इथेच आहे: तिने माहितीचे वाटप केले, ओळखीचे नाही. कल यंत्रांकडे आहे हे मुलाला कळते, पण कारखान्यात पहिल्या महिन्यात कोणाला काय विचारायचे, हे त्याला तिथे काम केलेला माणूसच सांगू शकतो.

ही उणीव प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी भरून काढली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीत ग्रामीण भागातील मुले अल्प खर्चात राहतात, वसतिगृहातली कामे वाटून घेतात, आणि नोकरी-धंद्याला लागलेले जुने विद्यार्थी नव्यांच्या मदतीला येतात. पुण्यातल्याच लीला पूनावाला यांनी सीओईपीतून (पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून) यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली, प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात करून त्या अल्फा लावल या कंपनीच्या भारतातील प्रमुखपदापर्यंत पोहोचल्या, आणि 1990 च्या दशकात त्यांनी मुलींसाठी स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान सुरू केले. तिथे शिष्यवृत्तीला कौशल्य-प्रशिक्षणाची आणि मार्गदर्शनाची जोड आहे. फी भरली गेली तरी मुलाखतीच्या खोलीत शिरण्याचा धीर तेवढ्याने येत नाही, हे ओळखून केलेली ही रचना आहे.

या काळात मार्गदर्शनाची गरज एकदम वाढली, त्याचे एक मोठे कारण 1983 मधले आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जिल्ह्या-तालुक्यांतून घरातले पहिलेच इंजिनिअर तयार होऊ लागले. कंपन्या मात्र कॅम्पस भरतीसाठी बराच काळ जुन्या, नामांकित संस्थांकडेच जात राहिल्या. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी माजी विद्यार्थी आणि शिकणारे विद्यार्थी यांच्या जोड्या लावून देणारा उपक्रम विद्यार्थीच चालवतात, कारण जोडायला माजी विद्यार्थी हाताशी आहेत. नव्या महाविद्यालयाकडे पदवी आहे, टीपीओ (प्रशिक्षण व नोकरभरती पाहणारा अधिकारी) आहे, पण वीस वर्षे नोकरी केलेला माजी विद्यार्थी अजून जन्माला यायचा आहे.

नियमांनी या विषयाची दखल उशिरा घेतली. शिकाऊ उमेदवारांच्या 1961 च्या कायद्यात अभियांत्रिकी पदवीधर आणि पदविकाधारक 1973 च्या दुरुस्तीने आले, तर इतर शाखांच्या पदवीधरांना 2014 पर्यंत थांबावे लागले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने 2017 च्या सुधारित मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारायला सुरुवात केल्यावर महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटीच्या याद्या आणि वह्या तयार झाल्या. पण त्या यादीतले मेंटॉर म्हणजे महाविद्यालयातलेच शिक्षक. बाहेरच्या अनुभवी व्यावसायिकाला वर्गात आणण्याची वाट यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोकळी केली, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला) चार श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले.

त्यामुळे आता कला-वाणिज्य-विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही एखाद्या कार्यालयात बसून काम शिकणे आणि तिथल्या अनुभवी माणसाची सही अहवालावर घेणे भाग आहे. शहरात त्यासाठी बँका, प्रयोगशाळा, माध्यमसंस्था यांचे पर्याय असतात. तालुक्याच्या गावात पतसंस्था, साखर कारखाना, दवाखाना किंवा कृषी सेवा केंद्र गाठावे लागते, आणि त्यांतला कोणता मालक शिकवायला वेळ देईल, याची चौकशी आजही विद्यार्थ्याला बहुतेक वेळा स्वतःच, ओळखीपाळखीतून, करावी लागते.