‘अप्रकाशित’ या एका शब्दाची पार्श्वभूमी

कवी आणि चित्रकार एकच माणूस असला की त्याच्या नव्या कामाला मराठीत दोन क्रियापदं लागतात. चित्र लागलं की ते प्रदर्शित होतं, कविता छापून आली की ती प्रकाशित होते. पण ओळी आणि रेघा एकाच चौकोनी पोस्टमध्ये टाकल्या की नेमकं काय होतं, यावर दिवाळी अंकांच्या मोसमात हमखास कुरबुर सुरू होते. बऱ्याच अंकांची आणि स्पर्धांची अट असते की कविता ‘अप्रकाशित’ हवी, समाजमाध्यमांवरही टाकलेली नको. चित्राला अशी अट क्वचितच कुणी घालतं. चार ठिकाणी लागलेल्या चित्राचा उलट भाव वाढतो.

कविता आणि चित्र शेजारीशेजारी येणं आपल्याला नवं नाही. पोथ्यांमध्ये ते होतं, चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीत होतं, आणि १९०९पासूनच्या दिवाळी अंकांनी तर त्याची घरोघर सवय लावली. मात्र अंकातली कविता एकाची आणि रेखाटन दुसऱ्याचं. संपादक कविता निवडायचा, ती चित्रकाराकडे जायची. कवीची आणि त्याची गाठ पडायचीच असं नाही. यामागे रसिकतेपेक्षा खर्च जास्त होता. मजकूर अक्षरांचे खिळे जुळवून उभा राहायचा, पण प्रत्येक रेखाटनाला जस्ताचा वेगळा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून घ्यावा लागे. ब्लॉकचे पैसे देणारा ठरवील ते चित्र. स्वतःच्या कवितेभोवती स्वतःच रेघ ओढणाऱ्याला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती.

ती जागा मिळाली १९५५ ते १९७५ या काळातल्या अनियतकालिकांमुळे, म्हणजे लेखकांनीच जमेल तशा काढलेल्या छोट्या अंकांमुळे, आणि तीही सुरुवातीला छापखान्याबाहेर, सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करता येई, तसंच लोखंडी लेखणीनं थेट कोरताही येई. म्हणजे अक्षर आणि चित्र एकाच हातानं, एकाच कागदावर, ब्लॉकचा एक पैसा न मोजता. अडचणी होत्याच. टाइपाचा घाव जोरात बसला की ‘ठ’च्या पोटातला मेणकागदाचा तुकडा गळून पडे आणि छापताना तिथे शाईचा काळा डाग उमटे. रेघांची जाळी दाट झाली की स्टेन्सिल तिथेच फाटे. चुकीवर लाल द्रव लावायचा, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं आणि पुन्हा कोरायचं. कागद शाई शोषणारा, खरखरीत. त्यामुळे बारीक रेघही जरा फुगून उमटायची. त्या काळच्या कवी-चित्रकारांची रेघ मोजकी आणि ठसठशीत दिसते, त्याचं थोडं श्रेय या फाटक्या स्टेन्सिलला द्यायला हवं, असं मला वाटतं.

या प्रती वाटल्या जायच्या हातोहात, इराण्याच्या हॉटेलात, नाहीतर टपालानं. आता प्रश्न असा, की तिथे आलेली कविता प्रकाशित झाली की नाही? आजच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रकाशनाची मूळ कल्पना प्रतींवर उभी होती. लोकांची वाजवी गरज भागेल इतक्या प्रती लोकांपर्यंत गेल्या तर ते प्रकाशन. मग मित्रमंडळींत वाटलेल्या मूठभर सायक्लोस्टाइल प्रतींचं काय? नव्या कवितेची ‘वाजवी गरज’ तेवढीच होती, असा खवचट युक्तिवादही करता आला असता. १९९४च्या दुरुस्तीनं व्याख्या बदलली. प्रती काढून कृती लोकांना उपलब्ध करणं हे प्रकाशनच, पण ती लोकांपर्यंत संप्रेषित करणं हेही प्रकाशन. आणि संप्रेषण म्हणजे लोकांना पाहता-ऐकता येईल अशी सोय करणं, मग कुणी प्रत्यक्ष पाहो न पाहो. अक्षरशः वाचलं तर भिंतीवर टांगलेलं चित्रही यात बसतं आणि मध्यरात्री टाकलेली, एकाचाही अंगठा न मिळालेली पोस्टसुद्धा.

म्हणजे कायद्याच्या बाजूनं अट घालणारे संपादक बरोबर ठरतात. पण साहित्यव्यवहारात ‘अप्रकाशित’चा अर्थ कधीच कायद्याचा नव्हता. कविसंमेलनांतून शंभरदा म्हटलेली, श्रोत्यांना तोंडपाठ झालेली कविता अंकाकडे जाताना अप्रकाशितच असायची आणि संपादक ती आनंदानं घ्यायचे. अर्थ होता इतकाच, की दुसऱ्या नियतकालिकात आलेली नको. स्पर्धा अंकांची आपापसात होती. आता ती समाजमाध्यमांवरच्या कवीच्या स्वतःच्या भिंतीशी आहे, आणि जुन्या शब्दाला नवी कुंपणं घालून ती कवीवर ढकलली जाते. मानधन मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच अर्थाचं राहिलंय.

न दाखवण्याचीही एक परंपरा आहे. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या, जाहिरातीत नाव कमावलेल्या आणि पुस्तकांच्या मांडणीवर स्वतःची नजर ठेवणाऱ्या अरुण कोलटकर या कवीचा पहिला मराठी संग्रह १९७७मध्ये आला. पुढच्या संग्रहांसाठी वाचक पंचवीसेक वर्षं थांबले. मुंबईच्या काळा घोडा परिसरात तो दिसत असे, कविता दिसत नसत. त्याला घाई करायला लावणारा फोन खिशात वाजत नव्हता.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ऑफसेट छपाई आणि डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानांची जुळणी, आली, ब्लॉक गेला, नव्वदीत अनियतकालिकांची दुसरी फळी उभी राहिली. त्यानंतर फोन. आज कवी-चित्रकार टॅबवर रेघ ओढतो, त्याच बोटानं ओळ लिहितो आणि संपादकाला न विचारता दोन्ही लोकांसमोर ठेवतो. अटीवर त्यानं तोडगाही काढलाय. श्रावणात चित्र पूर्ण टाकायचं, कवितेच्या पहिल्या चार ओळी तेवढ्या त्यावर लिहायच्या. बाकीची कविता अंक बाजारात आल्यावर.