लिफ्टच्या सेफ्टी ब्रेकची पार्श्वभूमी

1854 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात एलिशा ओटिस एका उघड्या फलाटावर उभे राहिले, तो उंच चढवला गेला आणि सर्वांदेखत त्याचा दोर तोडण्यात आला. फलाट थोडासा घसरला आणि जागीच थांबला. या फलाटाचा दोर घोडागाडीला असतो तशा पोलादी पाट्याला बांधलेला होता. वजनाने वाकलेला हा पाटा दोर तुटताच सरळ होई आणि त्यासरशी दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडसर बसे. 1857 मध्ये ब्रॉडवेवरील हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात ओटिस यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली.

या रचनेची मर्यादा मात्र फारशी सांगितली जात नाही. दोर शाबूत असताना यंत्र बिघडून लिफ्ट भरधाव खाली निघाली, तर दोरात ताण उरत असल्याने पाटा वाकलेलाच राही. म्हणून दोर तुटण्यावर नव्हे, तर वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर आला, आणि माझ्या मते ओटिस यांच्या प्रात्यक्षिकाइतकाच हा टप्पा मोलाचा आहे. लिफ्टच्या मशीन रूममध्ये मुख्य यंत्राशेजारी जे लहान चाक फिरताना दिसते, तोच हा गव्हर्नर. त्याचा स्वतंत्र, बारीक दोर केबिनला जोडलेला असतो. वेग मर्यादेबाहेर गेला की चाकावरील वजने बाहेर फेकली जातात, दोर पकडला जातो, आणि खाली जाणाऱ्या केबिनमधील दांडा त्या थांबलेल्या दोरामुळे ओढला जाऊन पाचरी गाइड रेलवर, म्हणजे केबिन ज्यांच्या आधाराने सरकते त्या उभ्या रुळांवर, घट्ट बसतात. वेगवान लिफ्ट एकदम थांबली तर आतल्या माणसांनाच इजा होईल, म्हणून तिच्या पाचरी रेलवर घासत, थोडे अंतर घेऊन तिला थांबवतात.

28 जुलै 1945 रोजी धुक्यात एक बी-25 विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळले, तेव्हा एका लिफ्टच्या मुख्य दोरांबरोबर गव्हर्नरचा दोरही तुटला. त्यामुळे पाचरी लागल्याच नाहीत आणि लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर सुमारे 75 मजले खाली कोसळल्या. त्या गंभीर जखमी झाल्या, पण वाचल्या.

लिफ्ट वरच्या दिशेनेही सुटू शकते, याची दखल त्या मानाने फार उशिरा घेतली गेली. काउंटरवेटचे, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनचा तोल साधण्यासाठी लावलेल्या भाराचे, वजन केबिन अधिक साधारण निम्मा भार इतके असल्याने मुख्य ब्रेक निकामी झाल्यास रिकामी लिफ्ट वर खेचली जाते, आणि केवळ खाली येताना लागणाऱ्या पाचरी तिथे उपयोगी पडत नाहीत. 1998 च्या युरोपीय मानकाने वर जाणाऱ्या लिफ्टचा अतिवेग रोखणारी यंत्रणा आवश्यक ठरवली.