कळफलकावरील शॉर्टकट आणि युनिकोड लेखन

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये एकाच कळीकडून दोन कामे घेतली जातात : अक्षर उमटवणे आणि आज्ञा देणे. नुसती ‘सी’ची कळ दाबली की अक्षर, कंट्रोलबरोबर दाबली की कॉपी. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा दुहेरीपणा सहसा जाणवत नाही, कारण कळीवर छापलेले अक्षर आणि शॉर्टकटचे अक्षर एकच असते. देवनागरीत तो लगेच जाणवतो.

इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाण कळरचना. भारतीय लिप्या संगणकावर साठवण्यासाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात (आयएस १३१९४) तिचा समावेश आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने प्रामुख्याने उजव्या. तीत ‘सी’च्या जागी म आहे, ‘व्ही’च्या जागी न, ‘एक्स’च्या जागी अनुस्वार आणि ‘एस’च्या जागी एक मात्रा. मराठी लिहिता लिहिता कुणी फाइल जतन करायला कंट्रोल-एस दाबले, तर प्रोग्रामच्या हाती ‘कंट्रोल आणि मात्रा’ पडू शकते. अशी जोडी त्याच्या यादीत नसतेच. काहीच घडत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाटते की आपलीच कळ नीट दाबली गेली नाही. फाइल मात्र जतन झालेली नसते.

विंडोजवर हा घोळ क्वचित होतो. ती आधी कळीचा क्रमांक कळवते, मग चालू रचनेनुसार त्यातून निघालेले अक्षर. इनस्क्रिप्ट सुरू असतानाही ‘सी’च्या कळीचा क्रमांक ‘सी’चाच राहतो. मॅकवर कमांड दाबलेली असताना बिगररोमन रचना सहसा रोमन अक्षरे देतात. लिनक्सवर खिडक्या आणि कळफलक सांभाळणाऱ्या एक्स प्रणालीत मात्र कळीचे नावच ‘म’ म्हणून येते, आणि तिची रोमन ओळख शोधण्याचे काम प्रोग्रामवर पडते. प्रोग्रामांच्या खिडक्या आणि मेनू बांधण्याची जीटीके आणि क्यूटी ही साधने ते बऱ्याच अंशी सांभाळतात. ज्यांनी स्वतःची वेगळी वाट धरली, त्या प्रोग्रामांत आजही रचना बदलून शॉर्टकट द्यावा लागतो.

मग सरळ कळीची जागाच का पाहू नये? कारण ते फ्रेंच लिहिणाऱ्यांना नडते. त्यांच्या अझर्टी कळफलकावर ‘ए’ आणि ‘क्यू’ यांच्या जागा उलटसुलट आहेत. जागेवर भिस्त ठेवली, तर सगळा मजकूर निवडायला (कंट्रोल-ए) गेलेल्या माणसाचा प्रोग्रामच बंद (कंट्रोल-क्यू) व्हायचा. म्हणून रचना रोमन असेल तर अक्षर पाहावे आणि नसेल तर जागा, हाच क्रम समंजस म्हणावा लागेल.

उजवी ऑल्ट कळ हा आणखी एक अडथळा. अनेक रचनांत ती जादा अक्षरांसाठी राखलेली असते, आणि विंडोज तिला कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबल्यासारखे मानते. भारतीय इंग्रजी रचनेत ₹ हे चिन्ह ४ बरोबर उजवी ऑल्ट दाबून येते. एखाद्या प्रोग्रामने कंट्रोल-ऑल्ट-४ हा शॉर्टकट स्वतःकडे घेतला, की तिथे रुपया लिहिता येत नाही.

मजकुराच्या बाजूला ‘एक दाब, एक अक्षर’ हे गृहीतक टिकत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-७ दाबले की क्ष उमटतो, पण युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशेबात ती तीन चिन्हे आहेत : क, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ष. त्यावर वेलांटी दिली की ‘क्षि’ चार चिन्हांचा होतो. बाणाच्या कळीने कर्सर हे जोडाक्षर एका झेपेत ओलांडतो, बॅकस्पेस मात्र बहुतेक ठिकाणी शेवटचे एकच चिन्ह पुसते. ही विसंगती मराठीला सोयीचीच आहे, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर फक्त वेलांटी पुसून भागते.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि पुष्कळ जण अजूनही तसेच लिहितात. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही. त्यामुळे एका रूपात लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या रूपात शोधला, तर कंट्रोल-एफला तो सहसा सापडत नाही.